सेशन संपले म्हणून अर्ज का पुसावा?

अमडापूरच्या एका सेवा केंद्रात शेतकऱ्याचा अर्ज भरला जात होता. मी शेजारीच बसलो होतो. गट क्रमांक झाला, पेरणीची तारीख झाली. पासबुकावरचा आयएफएससी कोड पुसट, म्हणून शेतकऱ्याने घरी फोन लावला. फोन संपवून ‘पुढे’ दाबले, तर ‘सेशन संपले आहे’. पुन्हा लॉगिन केले, सगळे रकाने कोरे. “काका, पह्यलेपासून भरा लागते,” केंद्रचालक म्हणाला.

यावर प्रोग्रामरांचे ठरलेले उत्तर असते: हे सुरक्षिततेसाठी आहे. उघडे राहिलेले खाते दुसऱ्याच्या हाती पडू नये, म्हणून लॉगिनला मुदत हवीच. हे मला मान्य आहे. पण लॉगिन संपले म्हणून भरलेली माहितीही संपावी, हे कुठल्या सुरक्षिततेत बसते?

याचे मूळ सेशनच्या रचनेत आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीतून बोलतात, तिला मागचे काही आठवत नाही. म्हणून 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरने जपायची छोटी नोंद, आणली. आज बहुधा कुकीतल्या क्रमांकावरूनच सर्व्हर आपले सेशन, म्हणजे आपल्याबद्दल त्याने तात्पुरती ठेवलेली माहिती, शोधतो. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ सेटिंगमध्ये 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे, हालचाल नसली की सेशनची माहिती टाकाऊ ठरते. लांबलचक पानावर माणूस टाइप करत असतो, पण ‘पुढे’ दाबेपर्यंत सर्व्हरला काहीच कळत नाही. कष्ट करणारा माणूस त्याच्या लेखी निघून गेलेला असतो.

काहींचा उपाय असा, की सगळे सेशनमध्ये ठेवा आणि मुदत वाढवा. पण केंद्रचालक दोन टॅबमध्ये दोन शेतकऱ्यांचे अर्ज उघडतो. सेशन एकच, त्यामुळे एकाचा गट क्रमांक दुसऱ्याच्या अर्जात जाऊ शकतो. ही चूक कोऱ्या रकान्यांहून भयंकर, कारण ती दिसत नाही. मग ब्राउझरमध्येच साठवायचे? केंद्राचा संगणक दिवसभर अनेकांचा. एकाचा आधार क्रमांक दुसऱ्यासमोर उघडा पडेल.

सरळ वाट आहे. प्रत्येक अर्जाला स्वतंत्र मसुदा क्रमांक द्यावा. मसुदा अर्जदाराच्या नावे सर्व्हरच्या डेटाबेसात, रकान्यागणिक जतन व्हावा. सेशनमध्ये फक्त ओळख राहावी. पासवर्ड आणि ओटीपी मसुद्यात कधीच नकोत. मुदत संपण्याआधी सूचना द्यावी. वेब सुलभतेचे डब्ल्यूसीएजी निकष मुदत वाढवायला किमान 20 सेकंद द्यायला सांगतात. पुन्हा लॉगिन होताच अर्धा अर्ज समोर यावा.

अर्जप्रणाली बनवणाऱ्यांनो, ती लोकांसाठी खुली करण्याआधी एक अर्ज अर्धा भरा आणि पाऊण तास उठून जा. परतल्यावर रकाने कोरे दिसले, तर ती अजून तयार झालेली नाही.