विश्लेषण : अमेरिकेतील छोटे चार्टर हायस्कूल मुलांसाठी योग्य आहे का? निवडताना काय तपासावे?

फी नाही, वर्गात मोजकीच मुले आणि प्रत्येकाला नावाने ओळखणारे शिक्षक. अमेरिकेत आठवीतून नववीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना छोट्या चार्टर हायस्कूलचे आकर्षण वाटते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा पर्याय असतो. पण कॉलेज प्रवेश याच चार वर्षांवर अवलंबून असल्याने चुकीची निवड महागात पडू शकते.

चार्टर शाळा म्हणजे काय?

सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र संस्थेकडे कारभार असलेली शाळा. महाराष्ट्रातील अनुदानित शाळेशी तिचे थोडे साम्य आहे. फरक असा, की ‘चार्टर’ हा मुदतीचा करार असतो. निकाल किंवा आर्थिक कारभार समाधानकारक नसेल तर त्याचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. २०२१ मध्ये देशात सुमारे ७,८०० चार्टर शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुले शिकत होती. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर सहसा सोडत काढली जाते.

या शाळा चांगल्या असतात का?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘क्रेडो’ या केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार, चार्टर शाळांतील मुलांची प्रगती सरासरीने किंचित सरस होती. मात्र पूर्णपणे ऑनलाइन चार्टर शाळांतील मुले बरीच मागे होती. म्हणजे ‘चार्टर’ या शब्दावरून दर्जा कळत नाही.

निकालाचे आकडे कसे वाचावेत?

बारावीत ४० मुले असतील आणि दोघे मागे राहिले, तर निकाल पाच टक्क्यांनी घसरतो. त्यामुळे एका वर्षाचा आकडा पुरेसा नाही, किमान तीन-चार वर्षांचे आकडे पाहावेत. शिवाय दुसऱ्या शाळेत गेलेली मुले या हिशेबातून वगळली जातात. नववीत ६० मुले होती आणि बारावीत ३५ उरली, तर बाकीची का गेली हे विचारायलाच हवे.

लहान शाळेच्या मर्यादा कोणत्या?

शिक्षक कमी, म्हणून विषयही कमी. कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र किंवा ‘एपी’चे वर्ग दरवर्षी होतात का, हे माहितीपत्रकावरून नव्हे, तर चालू वेळापत्रकावरून तपासावे. भौतिकशास्त्राचा एकच शिक्षक असेल आणि तो सोडून गेला, तर विषयच बंद पडू शकतो. खेळाचे संघ, वाद्यवृंद, स्कूल बस आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मदत यांचीही चौकशी करावी.

शाळा मध्येच बंद पडली तर?

निधी विद्यार्थीसंख्येवर ठरत असल्याने थोडी मुले घटली तरी छोट्या शाळेचे गणित बिघडते. बंद पडल्यास स्थानिक सरकारी शाळेत जागा मिळते. पण अकरावीत शाळा बदलली, तर विषयांचा मेळ आणि शिफारसपत्र देणारे शिक्षक दोन्ही हातचे जातात. म्हणून कराराची मुदत कधी संपते, पटसंख्या वाढते आहे की घटते आहे आणि लेखापरीक्षण काय सांगते, हे अर्जाआधीच पाहावे. शाळेच्या संचालक मंडळाच्या बैठका सहसा सर्वांसाठी खुल्या असतात. तिथे तासभर बसले, तरी यातील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.