दोन पावलांचा हक्क

मुलींच्या खेळाची चर्चा आपल्या गटांमध्ये निघते, तेव्हा ती बहुधा मैदानापाशी थांबते. मैदान हवं, संडास हवेत, अंधार पडल्यावर सोबत हवी. हे सगळं हवंच. पण मैदानात पोचलेल्या मुलीला तिथे शिकवतात काय, हेही आपण बघायला हवं. बास्केटबॉलमधल्या ले-अपबद्दल मी म्हणूनच लिहिते आहे.

चेंडूचे टप्पे देत बास्केटकडे धावायचं, चेंडू हातात घेतल्यावर दोनच पावलं टाकायची आणि उडी मारून तो बोर्डावरून रिंगमध्ये सोडायचा. उजव्या हाताने टाकायचा तर आधी उजवं पाऊल, मग डावं. उडी डाव्या पायावर, उजवा गुडघा वर. पहिलं पाऊल लांब, अंतर कापणारं. दुसरं आखूड, धावण्याचा वेग उंचीत वळवणारं. बायकांचा चेंडू थोडा लहान असतो, रिंग मात्र तितकीच उंच, ३.०५ मीटर. शिवाय ही दोन पावलं प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत, धक्के खात टाकायची असतात.

नेमकी हीच जागा बाईला नाकारली गेली. अमेरिकेत १८९२ मध्ये सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजच्या मुलींना हा खेळ शिकवला, तेव्हा मैदानाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग ओलांडायला मुलींना बंदी केली. त्या काळात मुलींना खेळायला मिळालं हेच मोठं होतं, पण रेषा टिकून राहिली. आयोवा राज्यातल्या शाळांमध्ये १९९३ पर्यंत मुली सहा-सहा जणींचा खेळ खेळत: मैदानाचे दोन भाग, दोनच टप्पे, आणि बचावाच्या बाजूच्या मुलींनी बास्केट करायचंच नाही. (या सामन्यांना तिथे तुडुंब गर्दी व्हायची, हेही खरं.) ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ ला आला, बायकांचा १९७६ ला.

आपल्याकडे अशी रेषा मैदानावर आखलेली नाही. ती अंगात मुरवलेली आहे. पाय जवळ घे, दणदण चालू नको, अंग चोरून बस, हे ऐकत वाढलेल्या मुलीला कंबर खाली घेऊन, पाय फाकवून उभं राहा म्हटलं की ती आधी आजूबाजूला बघते. कामाच्या निमित्ताने एका शाळेचा सराव मी काही आठवडे पाहिला. मुलगे दोन्ही हातांनी ले-अप करत होते. मुली उभ्याने पास देत होत्या, लांबून नेम धरत होत्या. सरांना विचारलं तर म्हणाले, "मुलींना लागतं हो, मग पालक ओरडतात."

लागतं, हे खोटं नाही. गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण या खेळात मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. पण यातल्या बहुतेक दुखापती कुणाच्या धक्क्याने होत नाहीत. उडीनंतर जमिनीवर येताना किंवा एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो, तेव्हा होतात. योग्य सरावाने त्या कमी होतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे ज्या भीतीपोटी पदलालित्य शिकवलं जात नाही, त्या भीतीवरचा उपाय तेच शिकवणं आहे!

त्याला खर्च तरी कितीसा? खडूने जमिनीवर शिडी आखा, चपला ठेवून वळणं घ्या. धावत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबणं, एक पाय रोवून त्याच्यावर फिरणं, एका बाजूला पाऊल दाखवून दुसरं विरुद्ध बाजूला टाकणं, गुडघे वाकवून, ते आत न पाडता, हलकं उतरणं. आणि डाव्या हाताचा ले-अप, कारण एकाच हाताने खेळणारीला अडवणं फार सोपं असतं.

काही मैत्रिणी म्हणतात, ही हार-जीत, ही धक्काबुक्की पुरुषी आहे, आपण कशाला त्यात पडा? मला ते पटत नाही. धक्का लागला तरी तोल सांभाळून ठरवलेल्या जागी पोचता येणं ही पुरुषांची मालमत्ता कधीपासून झाली?

तुमच्या भागातल्या शाळेत किंवा क्लबात मुलींचा सराव असेल तर एक संध्याकाळ जाऊन बसा. तासाभरात किती मुली चेंडू घेऊन रिंगखाली गेल्या, ते मोजा. मुलांचंही मोजा. मग ते दोन्ही आकडे घेऊन सरांकडे जा.