अर्ध्या नियमाचा बर्फ

‘दाब वाढवला की बर्फ वितळतो’ हे वाक्य आम्ही शाळेत घोकले, आमच्या मुलांनी घोकले, आता नातवंडे घोकत आहेत. बर्फाच्या लादीवर तार टाकायची, तिच्या दोन्ही टोकांना वजने बांधायची. तार लादीतून खाली उतरते, लादी मात्र अखंड राहते. प्रयोग खरा आहे. त्यावरून सांगितला जाणारा सरसकट नियम खोटा आहे, आणि तो तसाच पुढे चालवण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

हा नियम लागू पडतो तो पाण्यावर तरंगणाऱ्या, आपल्या परिचयाच्या बर्फाला. दाबाने त्याचा वितळबिंदू उतरतो, पण किती? शंभर वातावरणांच्या दाबाला पुरता एक अंशही नाही. सुमारे २,००० वातावरणांच्या दाबाला तो उणे २२ अंश सेल्सिअसपर्यंत येतो आणि तेथेच ही उतरण संपते. त्यापुढे तयार होतो तो निराळ्या रचनेचा, पाण्याहून जड बर्फ. त्याचा वितळबिंदू दाबाबरोबर चढू लागतो. गुस्टाव टामान यांना असे बर्फ १९०० साली सापडले. पर्सी ब्रिजमन यांनी १९१२ मध्ये त्यांत भर घातली. सुमारे १०,००० वातावरणांच्या दाबाखाली पाणी खोलीच्या तापमानालाच गोठते. ३०,००० च्या दाबाखाली बर्फ उकळत्या पाण्याइतका तापवला तरी घनच राहतो. शतकाहून जुने हे ज्ञान आमच्या पाठांच्या उंबरठ्यावरच अडावे, याला काय म्हणावे?

इतका दाब असतो कुठे, असे कोणी विचारील. युरेनस आणि नेपच्यून यांच्या पोटात! त्यांना ‘हिमग्रह’ म्हणतात, आणि मूल बिचारे थंडगार गोळा डोळ्यांपुढे आणते. वस्तुतः तेथील ‘बर्फ’ म्हणजे पाणी, अमोनिया व मिथेन यांचे हजारो अंश तापलेले दाट मिश्रण. पाण्याचा एक विलक्षण बर्फ अमेरिकेतील प्रयोगशाळांत लेझरच्या आघाताने निर्माण करून २०१८ व २०१९ साली तपासला गेला. दाब दहा लाख वातावरणांहून अधिक. त्यात ऑक्सिजनचे अणू जाळीत जागच्या जागी राहतात, हायड्रोजनची अणुकेंद्रे मात्र मोकळी हिंडतात, आणि म्हणून तो वीज वाहतो. व्हॉयेजर-२ ला १९८६ मध्ये युरेनसचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षापासून ५९ अंश कललेला आढळला. त्या कोड्याची उकल शास्त्रज्ञ ग्रहाच्या पोटातील अशाच वीजवाहक थरांत शोधत आहेत. अर्धा नियम घोकलेल्या मुलाला यातले काय उमगणार?

‘मुलांना झेपणार नाही’ ही सबब आम्हांला मान्य नाही. चार अंशांवर पाणी सर्वांत जड असते, हे त्यांना झेपतेच ना! त्याच पाठात उणे २२ अंशांची मर्यादा आणि बुडणारा बर्फ, अशा चार ओळी घाला. शाळा घालीत नसतील, तर आजी-आजोबांनी घरी सांगाव्यात.