अग्रक्रम कोणाला म्हणावे?

विधानसभेची निवडणूक आली की कष्टकरी कुटुंबांविषयीचा कळवळा छापील स्वरूपात दारोदार पोचतो. नोव्हेंबर २०२४ मध्येही तो पोचला. गटारे, पथदिवे, सभामंडप, व्यायामशाळा, रोजगार आणि शेवटी ‘सर्वांगीण विकास’ अशा याद्यांना उमेदवार ‘अग्रक्रम’ म्हणतात. अर्थशास्त्रात हा शब्द एवढा स्वस्त नाही. पहिले काय हे सांगताना मागे काय ठेवणार, तेही सांगावे लागते. दहा गोष्टी एकाच वेळी पहिल्या असतील तर निवड झालेलीच नाही.

यांपैकी गटारे व दिवे हा वस्तुतः नगरपालिकेचा विषय. आमदाराच्या हाती स्थानिक विकासनिधी असतो, वर्षाला पाच कोटी रुपये. २८८ मतदारसंघांचा मिळून तो १,४४० कोटी होतो. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद होती, म्हणजे त्याच्या पंचवीसपट. कुटुंबाच्या खिशाशी संबंध असलेले निर्णय कोठे होतात हे यावरून ध्यानात यावे.

याच योजनेकडे थोडे बारकाईने पाहू. दरमहा १,५०० रुपयांना नाके मुरडणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही; बाईच्या स्वतःच्या खात्यात पडणाऱ्या पैशाला घरात वजन असते. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. नवरा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, बायको पतसंस्थेत कारकून, आणि दोघांना प्रत्येकी अकरा हजार मिळतात असे धरा. वर्षाचे २,६४,००० झाले. नियम काटेकोर लावला तर हे घर बाद. बायकोने नोकरी सोडली तर मात्र पात्र! दीड हजारासाठी अकरा हजारांवर कोणी पाणी सोडणार नाही, हे खरे. पण त्या पगारातला मोठा वाटा पाळणाघर आणि बसभाडे यांतच जात असेल तर तिचा हिशेब तितका सोपा राहत नाही. एस. टी.च्या प्रवासात महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे पडते, पाळणाघराचे काय? अंगणवाडी काही तासांनी सुटते, कचेरी संध्याकाळी. २०१७ च्या केंद्रीय दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती केली ती पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी. डझनभर नोकरांच्या पतसंस्थेतील बाईला तिचा उपयोग शून्य. निवडणुकीत एका आघाडीने २,१०० रुपये, दुसरीने ३,००० रुपये देऊ केले (२,१०० चा आकडा पुढच्या अर्थसंकल्पात आला नाही, हा भाग निराळा). त्या चढाओढीत हा प्रश्न मागेच पडला.

किमान वेतनाचेही तसेच. त्याचे दर राज्य सरकार ठरविते, आणि पाच वर्षांहून अधिक काळ न दवडता त्यांचा फेरविचार व्हावा असे १९४८ च्या कायद्यात होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. आपल्या तालुक्यात कोणत्या धंद्याचे दर केव्हा बदलले, हे किती उमेदवारांना ठाऊक असते? सभागृहात तारांकित प्रश्न विचारण्यास विकासनिधी लागत नाही.

आमदाराच्या हातून एवढे काय होणार, असे विचारणाऱ्यांनी रोजगार हमीचा इतिहास आठवावा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेचा प्रयोग प्रथम तासगाव तालुक्यातील विसापूर भागात झाला. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज पटविली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून आणायचा हे त्या पिढीने लपविले नाही. शहरातील पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला, आणि जमेइतकीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावी असे ठरले. शिक्षक व कारकून यांच्या पगारपत्रकातून आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते याच करापोटी. पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून त्यातून सूट आहे. तेव्हा मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला निदान एवढे विचारावयास हरकत नसावी: तुमच्या यादीतील पहिल्या कामासाठी कर कोणावर बसणार, आणि यादीतले कोणते काम तुम्ही पाच वर्षे करणार नाही?