८६.२९ गुण मिळाले, पण हेलपाटे कोणी मोजले?

१ मे २०२५ ला राज्य सरकारने १०० दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेचा निकाल जाहीर केला आणि राज्यातल्या सगळ्या महापालिकांत आपलं उल्हासनगर पहिलं आलं. ८६.२९ गुण. पिंपरी-चिंचवड ८५.७१ वर दुसरं, पनवेल आणि नवी मुंबई ७९.४३ वर. बातमी फिरली तेव्हा अंबरनाथ-बदलापूरच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया काय, तर हसण्याच्या इमोजींची रांग. 'कुठलं उल्हासनगर?' असंही कुणीतरी विचारलंच.

मला ते हसणं पटलं नाही. आयुक्त मनीषा आव्हाळे आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनी काम केलं म्हणून गुण मिळाले. मूल्यमापन मंत्रालयातल्या कुठल्या बाबूने केलेलं नव्हतं, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने केलं. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणुकीला प्रोत्साहन आणि अधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष भेटी असे सात मुद्दे होते. निर्वासितांची छावणी म्हणून १९४९ मध्ये ज्या गावाला नाव मिळालं आणि पुढे 'मेड इन यूएसए' म्हणून ज्याची आयुष्यभर टिंगल झाली, ते गाव पुणे-मुंबईच्या पुढे गेलं. अभिनंदन करायला काय हरकत आहे?

अभिनंदन केलं. आता पुढचं बोलूया, कारण त्यानंतर १५० दिवसांचा दुसरा कार्यक्रम आला आणि त्यात ई-गव्हर्नन्सवर भर होता. ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सॲपवर सेवा, कृत्रिम बुद्धिमत्ता असं सगळं. २ ऑक्टोबर २०२५ ही त्याची मुदत होती. म्हणजे पुन्हा गुण, पुन्हा क्रमांक.

माझा प्रश्न साधा आहे. हे गुण कार्यालयाचे की कामाचे?

कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कुठल्याही कारखान्यात जा. कटिंग, शिलाई, काज-बटण, प्रेस अशी माळ असते. धुलाईची बरीच युनिटं प्रदूषणाच्या केसेसनंतर बंद पडली, हलली, तो वेगळा विषय. पण जिथे शिलाई चालते तिथे एका कोपऱ्यात एक ढीग असतो, त्याला 'अल्टर' म्हणतात. चेकरने परत पाठवलेले पीस. मालक सकाळी आला की किती माल तयार झाला हे नंतर विचारतो, आधी अल्टरच्या ढिगाकडे बघतो. कारण त्याला माहीत असतं की परत आलेला पीस दुप्पट पैसे खातो. ढीग वाढला तर तो कारागिरावर ओरडतो हे खरं, पण शहाणा मालक मशीन तपासतो, धागा बदलतो, कटिंगमध्ये साचा सरकलाय का बघतो.

आपल्या सरकारी कार्यालयांत हा अल्टरचा ढीग कुठे दिसतो? बाकड्यावर. 'उद्या या' म्हणून परत पाठवलेली माणसं म्हणजे तो ढीग. फरक एवढाच की कारखान्यात तो मोजतात.

ब्रिटनमध्ये जॉन सेडन नावाच्या माणसाने सरकारी सेवांचा अभ्यास करताना हीच गोष्ट पकडली. खिडकीवर येणाऱ्या कामातला मोठा भाग नवं काम नसतोच. आधीचं काम नीट न झाल्यामुळे पुन्हा आलेली माणसं असतात. कार्यालय मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतं आणि म्हणतं, कामाचा बोजा फार वाढलाय, स्टाफ द्या, सॉफ्टवेअर द्या. सॉफ्टवेअर आल्यावर तीच माणसं दोनदा ऑनलाइन अर्ज करतात. डॅशबोर्डवर अर्जांची संख्या वाढलेली दिसते आणि साहेब खूश, की नागरिकांचा ऑनलाइन प्रतिसाद वाढला!

पट्ट्यातल्याच एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, बाकीची काही वेगळी नाहीत) मी एका दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज केला होता. तीन दिवसांनी मेसेज आला, 'त्रुटी'. कसली त्रुटी ते लिहिलेलं नाही. गेलो, तर खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, "अहो, ऑनलाइन केलंत ते बरोबर आहे, पण प्रिंट काढून आणि झेरॉक्स जोडून इथे द्यावी लागते ना." मग ऑनलाइन कशाला? "ते वरून आलंय." ताईंची काहीही चूक नाही. त्या दोन कामं करत होत्या, एक संगणकासाठी आणि एक फाइलसाठी.

ही 'त्रुटी' समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे. मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे शेवटच्या दिवशी अर्ज त्रुटी काढून परत पाठवला तरी अधिकारी कागदोपत्री वेळेत. रेकॉर्डला 'मुदतीत निपटारा', अर्जदार पुन्हा रांगेत. एका आकड्यावर माणसाचं भवितव्य ठरवलं की माणूस काम सुधारण्याआधी आकडा सुधारतो. तो वाईट असतो म्हणून नाही. आपण त्याला तेच करायला सांगितलेलं असतं.

डेमिंग हे नाव ज्यांनी मॅनेजमेंट शिकलं त्यांना माहीत असेल. १९५० साली ते जपानमध्ये गेले आणि तिथल्या कारखानदारांना शिकवलं की माल बनून झाल्यावर तपासणी करून दर्जा येत नाही, दर्जा बनवतानाच यावा लागतो. दोषांपैकी ९४ टक्के व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था बदलण्याची जबाबदारी वरच्यांची, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या नावाचं पारितोषिक जपानने १९५१ मध्ये सुरू केलं, ते आपल्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये मिळवलं. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत आयएसओची पाटी नसलेला गेट शोधावा लागेल. सकाळच्या लोकलने ठाण्या-मुंबईला जाऊन दर्जाचंच काम करणारे हजारो लोक आपल्याकडे राहतात. संध्याकाळी तेच लोक पालिकेच्या खिडकीपाशी हात जोडून उभे. (डबेवाल्यांचं उदाहरण देणार नाही, त्यांना आता विश्रांती द्या.)

आता जरा मोठं उदाहरण. आपल्या शेजारचं, कल्याण-डोंबिवलीचं. महापालिकेचं कामकाज संगणकावर नेण्याचा राज्यातला सुरुवातीचा मोठा प्रयोग तिथेच झाला आणि तो नमुना पुढे राज्यभर नेला गेला. त्याच डोंबिवली परिसरात ६५ इमारती अशा निघाल्या, ज्यांच्या बांधकाम परवानग्या बनावट होत्या. बनावट सह्या, बनावट शिक्के. ती कागदपत्रं महारेराकडे अपलोड झाली, रेराचा नोंदणी क्रमांक मिळाला. क्रमांक बघून लोकांनी घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली. १९ नोव्हेंबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. हप्ते चालू, घर बेकायदा.

यात दोषी कोण ते तपास ठरवेल. मला दिसतं ते वेगळंच. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकाने आपापलं काम 'नियमाप्रमाणे' केलं असं म्हणता येईल. रेराने कागद पाहिला. बँकेने रेराचा क्रमांक पाहिला. खरेदीखत नोंदवणाऱ्याने खरेदीखत पाहिलं. महापालिकेच्या संगणकात ती परवानगी नव्हतीच, पण तो संगणक बघायला कोणी गेलं नाही, कारण तो बघणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. दोन्ही कार्यालयं डिजिटल होती. दोघांच्या मधली पन्नास किलोमीटरची वाट मात्र पीडीएफच्या भरवशावर होती. काओरू इशिकावा या जपानी तज्ज्ञाचं सांगणं होतं की पुढच्या टप्प्यावरचा माणूस हाच तुमचा ग्राहक. इथे कोणीच कोणाचा ग्राहक नव्हता, फक्त फ्लॅट घेणारा ग्राहक होता. नंतर महारेराने परवानग्या संबंधित प्राधिकरणाकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. हे एक पाऊल आधी पडलं असतं तर? त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नव्हती, एक ईमेल पुरला असता.

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४ बद्दल मी तपशिलात जाणार नाही, त्या दोन चिमुरड्यांच्या घरच्यांनी भोगलंय ते पुरे. पण २० ऑगस्टला आपलं स्टेशन दिवसभर का बंद राहिलं, हे विसरून चालणार नाही. शाळेत कॅमेरे होते, पण हवं तेव्हा चित्रण मिळालं नाही. पोलीस ठाण्यात संगणकीकृत नोंदणी व्यवस्था आहे, तरी पालकांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं. यावर सरकारचा लगेच आलेला उपाय काय होता? शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश. कॅमेरा हवाच, मी नको म्हणत नाही. पण रोज सकाळी ते चित्रण चालू आहे का हे कोण बघणार, बंद असेल तर कोणाला कळवणार, कळवल्यावर किती तासांत दुरुस्त होणार? या तीन ओळी लिहायला एक पानही लागत नाही. खर्च कॅमेऱ्यावर होतो कारण कॅमेऱ्याचं टेंडर निघतं. या तीन ओळींचं निघत नाही.

टोयोटाच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असायची. काही चुकतंय असं वाटलं की ती ओढायची, मुकादम धावत येतो, गरज पडली तर सगळी लाइन थांबते. ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही. आपल्याकडे ही दोरी कोणाच्या हातात आहे? खिडकीवरच्या ताईंना माहीत आहे की प्रिंट मागणं मूर्खपणाचं आहे. वॉर्डातल्या मुकादमाला माहीत आहे कुठलं गटार तुंबणार. त्यांना विचारतं कोण? डॅशबोर्ड वरून खाली बघतो, खालून वर बघायची सोय त्यात नसते.

पूर्वी ही दोरी थोडीफार नगरसेवकाच्या हातात होती. नगरसेवकांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, वीस वर्षं सभा बघतोय. पण पाणी आलं नाही की बाई हंडा घेऊन त्याच्या दारात जायची आणि तो शिव्या खाऊन पाणी खात्याला फोन करायचा. अंबरनाथ आणि बदलापुरात २०२० मध्ये, उल्हासनगरात २०२२ मध्ये प्रशासक आले. दोरी कापली गेली आणि तिच्या जागी ॲप आलं. ॲपवर तक्रार टाकली की 'तक्रार बंद करण्यात आली आहे' असा मेसेज येतो. खड्डा उघडाच, तक्रार बंद. हा अनुभव कोणाला नाही?

आणखी एक गंमत. सगळ्या योजना, पाण्याचे हिशेब, दरडोई आकडे अजूनही २०११ च्या जनगणनेवर. तेव्हा बदलापूर पावणेदोन लाखांचं होतं, अंबरनाथ अडीच लाखांचं, उल्हासनगर पाच लाखांचं. आज सकाळी बदलापूरच्या फलाटावर उभं राहून पावणेदोन लाख म्हणून दाखवा. डॅशबोर्ड रंगीत आहे, पण खाली टाकलेला आकडा २०११ चा.

माझी मागणी छोटी आहे आणि तिला निधी लागत नाही. तिन्ही शहरांत एक आठवडा, फक्त एक, प्रत्येक खिडकीवर एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: याच कामासाठी ही तुमची कितवी फेरी? एक, दोन, तीन, रेघा मारा. शेजारी कारण लिहा: सही नाही, साहेब नाही, सर्व्हर बंद, झेरॉक्स, त्रुटी. शनिवारी बेरीज करा आणि सगळ्यात मोठं जे कारण निघेल तेवढं एकच पुढच्या महिन्यात काढून टाका. मग पुन्हा वही. १५० दिवसांत हे चार-पाच वेळा होतं. सॉफ्टवेअर कंपनीला बोलवायचं ते त्यानंतर, वही हातात घेऊन. नाहीतर आपण जुना हेलपाटाच नव्या संगणकावर चढवतो आणि त्याची दरवर्षी देखभाल फी भरतो.

आयुक्त आणि मुख्याधिकारी मंडळींनी हे केलं नाही तर आपण करू. तिन्ही शहरांतून प्रत्येकी दहा माणसं मिळाली तरी पुरे. पालिका, तहसील, वीज, रेशन, कुठल्याही कार्यालयात तुमचं काम किती फेऱ्यांत झालं आणि प्रत्येक फेरीला परत का पाठवलं, एवढंच कमेंटमध्ये लिहा. कर्मचाऱ्यांची नावं लिहू नका, खिडकी आणि कारण लिहा. महिनाभराने बेरीज करून छापतो आणि एक प्रत तिन्ही कार्यालयांत आवक-जावकला देऊन पोच घेतो. अर्थात तिथेही झेरॉक्स मागतील, ती सोबत नेईन.