दिव्यांगांचे अडीच हजार: एका यादीतून नाव निघतं, दुसरीत चढेपर्यंत महिने जातात

राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांगांची मदत महिन्याला १,५०० वरून २,५०० रुपये केली. ऑक्टोबरपासून लागू. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ, दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांना ही वाढ आहे. तरीही काहींच्या मोबाईलवर मेसेज आला तो दीड हजाराचाच.

याचं कारण बहुतेक वेळा यादीत सापडतं. माणूस दिव्यांग आहे एवढ्याने भागत नाही, तहसीलच्या नोंदीत तो दिव्यांग म्हणून असावा लागतो. समजा, एका बाईला पायाने चालता येत नाही, पण दहा वर्षांपूर्वी नवरा वारला तेव्हा तिचं नाव संजय गांधी योजनेत विधवा म्हणून लागलं. तेव्हा दोन्हीकडे रक्कम सारखीच होती, कोणी लक्ष दिलं नाही. आता त्याच नोंदीपायी महिन्याला हजाराचा फटका बसतो. तिने युडीआयडी कार्ड आणि दिव्यांग प्रमाणपत्र तहसीलच्या संजय गांधी शाखेत देऊन प्रवर्ग बदलून मागायला हवा. अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं तिथे कोणाच्या लक्षात राहत नाही.

खरी अडचण लाडकी बहीण योजनेतून इकडे येणाऱ्या दिव्यांग महिलांची आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहिणीचे पैसे मिळत नाहीत, हा नियमच आहे. याच कारणावरून संजय गांधी योजनेतल्या सुमारे २ लाख ३० हजार महिला लाडकी बहिणीतून वगळल्याचं सरकारने २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं होतं. मग गावात कोणीतरी सल्ला देतो, "आधी तिकडचं बंद कर, मग इकडे अर्ज दे." हा सल्ला महागात पडतो. नव्या अर्जाची तलाठ्याकडून चौकशी होणार, समितीची बैठक होणार, मंजुरी मिळणार, नाव डीबीटीला चढणार. यात चार महिने गेले तर सहा हजार रुपये हातचे गेले. औषधं आणि किराणा काही चार महिने थांबत नाही. म्हणून आधी मंजुरीचा आदेश हातात घ्यावा आणि नवा हप्ता सुरू होताच जुना लाभ बंद करायला सांगावं. दोन्हीकडचे पैसे मात्र घेत राहू नयेत.

पासष्टी गाठलेल्यांचं वेगळं आहे. संजय गांधी योजना ६५ वर्षांपर्यंत, त्यानंतर नाव श्रावणबाळमध्ये वर्ग होतं. कागदावर ही एका ओळीची गोष्ट. पण एका यादीतून नाव कमी झालं आणि दुसऱ्या यादीत चढलं नाही, तर त्या महिन्याचे पैसे कुठेच पडत नाहीत. शिवाय वर्ग करताना नुसता वयाचा पुरावा लागला आणि दिव्यांगाचे कागद मागे राहिले, तर अडीचचे दीड हजार होऊ शकतात. वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधीच शाखेत एक चक्कर मारलेली बरी. जाताना आधार, युडीआयडी, उत्पन्नाचा दाखला सोबत असावा. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदतही बघून घ्यावी.

पैसे आलेच नाहीत म्हणून तहसीलला हेलपाटे घालण्याआधी बँकेत एक गोष्ट विचारावी: आधार कोणत्या खात्याला जोडलंय? डीबीटीचे पैसे पासबुक दिलेल्या खात्यात नाही, आधार शेवटचं जिथे जोडलं त्या खात्यात जातात. मध्येच पोस्टात नवं खातं उघडलेलं असतं, आणि ‘अडकलेला’ हप्ता तिथे जमा होऊन पडलेला असतो.

मंजुरीच्या आदेशावर लाभ कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या प्रवर्गात, हे दोन्ही लिहिलेलं आहे का ते तिथेच, खिडकीसमोर उभं राहून वाचून घ्यावं. वाचता येत नसेल तर सोबत कोणाला तरी न्यावं.