दिंड आणि रॅव्हिओली

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव श्री मल्लिनाथ भगवानांच्या अतिशय क्षेत्रामुळे मराठवाड्याबाहेरील जैन कुटुंबांनाही परिचित आहे. भोवतालचा मुलूख हळदीचा आणि सोयाबीनचा. जवळच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु या भागातील व्यापारी घरांना तिची पारख त्यापूर्वीपासूनच आहे. हळकुंड मोडून आतला रंग पाहणारी माणसे येथे आजही आडतीवर बसलेली दिसतात.

अशा घरांतून उन्हाळ्याच्या सुटीत एक प्रसंग हमखास घडतो. शहरात शिकणारी नातवंडे गावी येतात आणि दोन दिवसांतच पास्त्याची मागणी होते. त्यातही आता साधा पास्ता पुरत नाही. हिरवा, लाल, पिवळा असा रंगीत आणि आत सारण भरलेला हवा असतो. एखादी नात आणखी पुढे जाऊन सांगते, की ती दूध-चीजही घेत नाही. आजी शांतपणे विचारते, ‘त्यात काय काय असते?’ या एका प्रश्नापाशी बहुतेक घरांत विषय थांबतो. मुले बाहेर जाऊन खातात, आजी आपले जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते आणि एका घरात दोन पंगती होतात. पदार्थ लहान असला तरी ही दुफळी लहान नाही. म्हणून आजीच्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधणे आवश्यक ठरते.

पाकिटावरील हिरवा ठिपका हे त्याचे पूर्ण उत्तर नव्हे. तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. कांदा, लसूण, बटाटा यांविषयी तो काहीच सांगत नाही. भारतात २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र चिन्ह आले. त्याने दूध, मध इत्यादी प्राणिज घटक नसल्याची खात्री मिळते. परंतु त्या चिन्हाच्या पदार्थातही लसूण, अळंबी किंवा यीस्ट असू शकते. शाकाहारी, व्हीगन आणि जैन ही तीन वर्तुळे एकमेकांना छेदतात, पण एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. ही तिन्ही वर्तुळे जेथे जुळतात, तेथील पदार्थ खात्रीने हवा असेल, तर तो घरीच करावा लागतो. सुदैवाने तो करणे वाटते तितके परके नाही.

भरलेल्या पास्त्याचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे रॅव्हिओली. पातळ लाटलेल्या पारीच्या दोन चौकोनांत सारण ठेवून कडा दाबायच्या आणि पाण्यात शिजवायचे, एवढीच त्याची रीत. इटलीतील प्रातो या गावच्या फ्रान्चेस्को दातिनी नावाच्या चौदाव्या शतकातील व्यापाऱ्याच्या पत्रव्यवहारात या पदार्थाचा फार जुना उल्लेख सापडतो. हा गृहस्थ आपल्या वाचकांना जवळचा वाटावा असा होता. त्याने आपल्या पेढ्यांची पत्रे आणि खातेवह्या इतक्या काटेकोरपणे जपल्या, की दुनोंदी पद्धतीच्या इतिहासाचे अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात. त्याच्या वहीच्या आरंभी देवाचे आणि नफ्याचे नाव एकत्र लिहिलेले असे. आपल्या वहीवरील ‘शुभ-लाभ’ याहून फारसे वेगळे नाही.

इकडे मराठी घरांत नागपंचमीला पुरणाचे दिंड होतात. त्या दिवशी चिरणे, तळणे, तवा चढवणे टाळण्याचा प्रघात आहे. म्हणून कणकेची पारी लाटून मध्ये पुरण ठेवतात, चारी बाजूंनी घडी घालून चौकोन करतात आणि तो वाफवतात. दिंड आणि रॅव्हिओली समोरासमोर ठेवले, तर त्यांचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. उन्हाळ्यात अंगणात होणाऱ्या पाटाच्या शेवया, काडीवर गुंडाळून वाळवलेले सरगुंडे, रुखवतात मांडले जाणारे गव्हले, नखुले, मालत्या हे सारे पास्त्याचेच सगेसोयरे. ज्या आजीचा हात नखुल्यांवर बसलेला आहे, तिला रॅव्हिओलीच्या कडा दाबणे कोणी शिकवायला नको.

अंड्याचा प्रश्नही असाच सुटतो. अंडे घातल्याखेरीज पास्ता होत नाही, अशी समजूत आढळते. वस्तुतः उत्तर इटलीत मऊ गव्हाच्या पिठात अंडे घालण्याची पद्धत आहे, तर दक्षिण इटलीत कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच पास्ता होतो. तो कठीण गहू म्हणजे आपल्याकडील बन्सीच्या जातकुळीचा. बिनअंड्याचा पास्ता ही कोणी केलेली तडजोड नसून ती मूळचीच एक रीत आहे.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांसाठी तीन रंगांचे तीन गोळे करावेत. प्रत्येक गोळ्यास सत्तर ग्रॅम बारीक बन्सी रवा आणि तीस ग्रॅम घरी दळलेली कणीक, चिमूटभर मीठ आणि सुमारे पन्नास मिलिलिटर रंगाचे गरम पाणी अथवा वाटण घ्यावे. ज्या घरांत पिठाची मर्यादा पाळतात, म्हणजे पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस, तेथे रवा-कणीक त्या हिशेबानेच दळावी. पाणी अर्थात गाळलेले. गोळा प्रथम कोरडा वाटतो, म्हणून लगेच पाणी वाढवू नये. दहा मिनिटे तळहाताने जोर देऊन मळावा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा. तेवढ्यात रवा पाणी ओढून घेतो आणि गोळा गुळगुळीत होतो. या पदार्थात आंबवणे नाही, यीस्ट नाही. ही आपल्या दृष्टीने जमेची बाजू.

रंगांच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो. बहुतेक पाककृतींत लाल रंगासाठी बीट आणि केशरीसाठी गाजर सांगितलेले असते. दोन्ही कंदमुळे, म्हणून वर्ज्य. येथे वाचक भगिनींना हळहळ वाटण्याचे कारण नाही. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे. उकळत्या पाण्यात पास्ता सोडला, की त्यातील बराचसा रंग पातेल्यात उतरतो आणि तुकडे फिकट पडतात. याउलट हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा आणि टोमॅटोचा लाल हे तीनही रंग तेलात विरघळणारे असून ते साध्या पाण्यात सहसा सुटत नाहीत. म्हणजे नियमाने वगळलेले बीट या कामी फारसे टिकाऊ नव्हतेच.

पिवळ्या गोळ्यासाठी पाव चमचा हळद पुरते. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य असली, तरी उकडून, उन्हात वाळवून केलेली हळकुंडाची पूड आपल्या घरांत परंपरेने चालते. एक काळजी घ्यावी. पिठात खाण्याचा सोडा किंवा पापडखार घालू नये. क्षाराशी गाठ पडली, की हळद तांबूस होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते याच गुणामुळे.

हिरव्या गोळ्यासाठी शंभर ग्रॅम पालक नीट निवडून, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, लगेच गार पाण्यात काढावा आणि घट्ट पिळून वाटावा. भांड्यावर झाकण ठेवू नये आणि त्यात लिंबू पिळू नये. आंबटपणाने पालकाचा हिरवा रंग मळकट होतो. चातुर्मासात जेथे पालेभाजी वर्ज्य असते, तेथे हा रंग सरळ वगळावा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणाऱ्या घरांत हळद आणि काश्मिरी मिरचीची पूड असे दोन कोरडे रंग उरतात, आणि तेही ताटात शोभून दिसतात.

लाल गोळ्यासाठी दोन पिकलेले टोमॅटो उकडून, साल व बिया गाळून, रस मंद आचेवर पन्नास मिलिलिटर उरेपर्यंत आटवावा. रंग गडद हवा असल्यास त्यात अर्धा चमचा काश्मिरी मिरचीची पूड घालावी.

सारणाला दोनच कसोट्या आहेत. ते कोरडे असावे आणि मिळून यावे. बटाट्याचे काम आपल्या घरांत कच्ची केळी कधीपासून करत आली आहेत. दोन कच्ची केळी सालीसकट उकडून, सोलून कुस्करावीत. अर्धी वाटी मूगडाळ मोकळी शिजवून, पाणी पूर्ण निथळून त्यात मिसळावी. दोन चमचे भाजलेल्या तिळाचे कूट, सुंठ, मिरपूड, मीठ, चिरलेली कोथिंबीर आणि करडईच्या तेलात हिंग-जिऱ्याची फोडणी एवढे पुरे. पाश्चात्त्य पाककृतींत या जागी चीज असते आणि व्हीगन पाककृतींत त्याच्या चवीसाठी यीस्टची पूड सांगतात. तिळाचे कूट दोघांचीही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. शिवाय डाळीसोबत कच्चे दूध, दही किंवा ताक येत नसल्याने द्विदलाची शंकाही उरत नाही.

गोळा होईल तितका पातळ लाटावा. पारीखाली ठेवलेल्या बोटाची सावली वरून दिसावी, हे प्रमाण. पारीचे पाच सेंटिमीटरचे चौकोन कापून एकावर लहान चमचाभर सारण ठेवावे, कडांना पाण्याचे बोट फिरवावे आणि दुसऱ्या रंगाचा चौकोन वर ठेवून मधली हवा बाहेर काढत कडा दाबाव्यात. वर एक रंग आणि खाली दुसरा, ही गंमत मुलांना विशेष आवडते. हवा आत राहिली, तर उकळताना तुकडा फुगून फुटतो. बहुतेक नवशिक्यांचे येथेच नुकसान होते. तयार तुकडे रवा भुरभुरलेल्या कापडावर एकमेकांना न चिकटता ठेवावेत. एवढ्या पिठात साधारण पन्नास तुकडे होतात.

शिजवण्याच्या दोन रीती आहेत. रुंद पातेल्यात भरपूर मिठाचे पाणी उकळून, आच थोडी कमी करून तुकडे चार-पाच मिनिटे शिजवावेत. ते वर तरंगले, की मिनिटभरात काढावेत. किंवा दिंडाप्रमाणे तेल लावलेल्या चाळणीत बारा मिनिटे वाफवावेत. वाफेत तुकडे पाण्यात बुडत नाहीत, त्यामुळे रंग अधिक चांगला राहतो. लाल माठासारख्या पाण्यात उतरणाऱ्या रंगाचा प्रयोग करायचा असेल, तर हीच रीत बरी. वरून टोमॅटोचा पातळसर रस घ्यावा. त्यात कांदा-लसूण लागत नाही. तेलात हिंग, थोडी लाल मिरची, टोमॅटो, मीठ आणि कणभर गूळ यांनी तो उत्तम लागतो.

राहिला दुधाचा प्रश्न. जैन घरांत दुधाला पिढ्यान्पिढ्या स्थान आहे. आजची तरुण मंडळी गाईचे वासरू आणि आधुनिक दुग्धव्यवसाय यांच्याकडे बोट दाखवून त्या स्थानाविषयी विचारणा करतात, तेव्हा घरातील ज्येष्ठांना ते उर्मटपणाचे वाटते. परंतु हा प्रश्न अहिंसेच्या पोटातूनच आलेला आहे. आजीने पाणी गाळण्याचा आग्रह धरला, तिच्याच वंशातील नातीने दुधाचा उगम विचारला. दोघींची चौकशी एकाच जातीची आहे. त्याचा निकाल एका जेवणात लागणार नाही आणि लागण्याची आवश्यकताही नाही. मात्र या पदार्थात दूध नाही, म्हणून नात खाते. कंदमूळ नाही, म्हणून आजी खाते. वाद बाजूला ठेवून जेवता येईल असे एक ताट यातून मिळते.

शेवटी वेळेचा हिशेब. रंगांची तयारी, मळणे, मुरवणे, सारण, लाटणे आणि शिजवणे यांस प्रथम करणाऱ्यास तीन तास धरावेत. पदार्थ सूर्यास्तापूर्वी पानात पडायचा असेल, तर उन्हाळ्यातही दुपारी तीनला रवा मोजलेला असला पाहिजे. हे एकट्या गृहिणीवर टाकू नये. टोमॅटो आटवणे मुलाकडे, पालक निवडणे सुनेकडे, चौकोन कापणे नातवंडांकडे आणि कडा दाबणे आजीकडे द्यावे. आडतीवरून आजोबा चांगल्या हळकुंडांची पूड आणतीलच. साडेपाचला चाळणी चुलीवर चढली, तर सहाच्या आत सर्वांची पाने मांडता येतात, आणि आजीला आपले जेवण वेगळे, आधी उरकून घ्यावे लागत नाही.